कूलर उपडा, वायसर भाजला

गाडी आणायला साताऱ्याला गेले तेव्हा काकांनी चहाच्या आधी आरसी बुक दिलं, चहानंतर किल्ली दिली, आणि मी हेल्मेट चढवून निघाले तेव्हा आतून एक शंभरपानी वही आणून स्वतःच्या हातानं माझ्या सॅकमध्ये कोंबली. "वाचून काढ," म्हणाले. मी मान हलवली. पुढचे आठ महिने ती वही आमच्या चपलांच्या कपाटावर वीजबिलांखाली पडून होती.

गाडी म्हणजे १९९४ची बुलेट, साडेतीनशे, बिडाच्या इंजिनाची. उजव्या पायात गिअर, डाव्या पायात ब्रेक. काका एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. त्यामुळे कंपनीनं जे दिलं त्यावर समाधान मानायचं हा प्रश्नच नव्हता. पुढच्या चाकाला ड्रम होता तिथे त्यांनी डिस्क बसवली. इंजिनसमोर फ्रेमच्या नळीला क्लॅम्प लावून एक छोटा ऑइल कूलर बांधला. मागे लडाख कॅरिअर, दोन्ही बाजूंना पत्र्याच्या पेट्या. आणि ब्रीदरच्या, म्हणजे इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीच्या टोकाला खोकल्याच्या औषधाची काचेची बाटली. तीन माणसांनी तीन वेगवेगळ्या दिवशी या बाटलीत काय आहे असं मला विचारलंय. एकानं वासही घेतला.

गाडी लांब पल्ल्याला तयार केलेली. काका तिच्यावर कन्याकुमारीला जाऊन आले होते, लेहलाही. मला तेच करायचं होतं. गुडघे गेले म्हणून त्यांनी विकली, आणि ऑफिसातली माणसं मला ज्या नजरेनं बघत होती तिचा वैताग आला म्हणून मी घेतली. असो.

पहिल्या पावसाळ्यात गाडी तीन आठवडे पार्किंगमध्ये उभी होती. गणपतीला गावी जायचं म्हणून आदल्या दिवशी ऑइल बघायला घेतलं. झाकण फिरवून ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी काढली, पुसली, पुन्हा घातली, काढली. टोकाला जेमतेम ओल. माझ्या पोटात गोळा. नेटवरून उतरवलेलं मॅन्युअल जवळ होतं, त्यात सव्वादोन लिटर लिहिलेलं. गाडी मुळात इंग्लंडातल्या रेडिचची, १९५५पासून मद्रासला बनायला लागली, आणि हे सव्वादोन लिटर म्हणजे मूळचे चार इंग्लिश पाइंट. असा इतिहास वाचत वाचत मी अर्ध्या लिटरहून जास्त ऑइल ओतलं. पट्टीवर वरच्या खुणेला आलं तेव्हा झाकण लावलं आणि हात धुतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी जुना कात्रज घाट. पाऊस भुरभुर. तिसऱ्या की चौथ्या वळणावर मागचं चाक सुळकन बाहेर गेलं. पडले नाही, पण पाय टेकवावा लागला आणि बुटाची टाच गेली. कडेला गाडी लावून बघते तर खोकल्याची बाटली काठोकाठ भरून वाहतेय. नळीतून ऑइल थेट मागच्या टायरवर, रिमवर, माझ्या पँटच्या पोटरीवर. रस्त्यावर पाण्यात इंद्रधनुष्य.

काकांना फोन लावला.

"गार गाडीवर पट्टी बघितलीस व्हय?"

"हो."

"अगं, गाडी झोपली की तेल खाली उतरतंय. आधी तिला उठवायची, पाच-धा मिनटं चालवायची, मग बघायचं. वही वाचली न्हाईस?"

त्या रात्री वीजबिलं बाजूला केली. वहीच्या पहिल्याच पानावर, तारखेच्याही आधी, लाल शाईत तीन शब्द: गार पट्टी खोटी.

हे त्या इंजिनाचं सगळ्यात मोठं गुपित आहे. आजकालच्या बहुतेक गाड्यांमध्ये ऑइल इंजिनच्या तळाशीच साठतं. या बुलेटमध्ये ऑइलची टाकी वेगळी, पण ती त्याच ओतीव केसिंगमध्ये, पिस्टनच्या जोरावर फिरणाऱ्या क्रँकच्या शेजारच्या खोलीत. दोन पंप आहेत. एक टाकीतलं ऑइल इंजिनला देतो, दुसरा खाली जमलेलं उचलून पुन्हा टाकीत आणतो. गाडी उभी राहिली की पंपाच्या फटीतून ऑइल थेंब थेंब क्रँकच्या खोलीत झिरपतं. तीन आठवड्यांत टाकी रिकामी, खालची खोली भरलेली. पट्टी टाकीत असते, ती बिचारी दिसतं ते सांगते. ऑइल कुठेच गेलेलं नव्हतं, फक्त शेजारच्या खोलीत बसलं होतं, आणि मी वर आणखी अर्धा लिटर ओतून ठेवलं.

वही मग मी दिवाळीअंकासारखी वाचली. काकांची लिहिण्याची पद्धत तारेसारखी. एक नोंद जशीच्या तशी:

१४-३-०९. इं. तेल २२५० + ३००. कूलर उपडा. वायसर भाजला. क्ल. डबा ४२०. थेंब ४.

यातली एकेक गोष्ट कळायला मला एकेक फजिती लागली.

अधिक ३०० म्हणजे कूलर. कूलर आणि त्याच्या दोन नळ्यांमध्ये जे ऑइल मावतं ते रेडिचच्या पुस्तकाला ठाऊक नाही, मद्रासच्याही नाही. आणि खालचे ड्रेन बोल्ट काढले तरी ते ऑइल बाहेर येत नाही, कूलरमध्येच बसून राहतं. म्हणून पहिल्यांदा मी मोठ्या प्रेमानं नवं मधाळ ऑइल भरलं आणि दहा मिनिटांनी पट्टीवर ते कोळशासारखं काळं दिसलं. दुकानदाराला मनातल्या मनात शिव्या देऊन झाल्या. त्याचा काही दोष नव्हता. कूलर क्लॅम्पमधून सोडवून उलटा करायचा असतो, एक नळी वर, एक खाली, बाळाची दुधाची बाटली निथळत ठेवतो तसा. पंधरा मिनिटं. तोवर चहा.

ड्रेन बोल्टही एक नाही. टाकीचा वेगळा, क्रँकच्या खोलीचा वेगळा. घाईतला मेकॅनिक एकच काढतो आणि अर्धं जुनं ऑइल आतच राहतं. गाडी गरम असताना काढायचं, म्हणजे पातळ होऊन गाळासकट येतं, पण इतकी गरम नको की मनगटावर ओघळ आला तर पाना टाकून पळावं लागेल. मी पळालेय.

आणि वायसर. बोल्टाखाली तांब्याचा वायसर असतो. एकदा दाबला गेला की तांबं कडक होतं आणि पुढच्या वेळी नीट बसत नाही, मग गळतं. नवा घ्यावा हा सरळ उपाय. काकांचा उपाय म्हणजे तो लाल होईपर्यंत तापवायचा आणि पाण्यात टाकायचा. पोलाद असं केलं तर कडक होतं, तांबं मऊ पडतं. आमच्याकडे गॅसवर पापडाची जाळी ठेवून मी पहिल्यांदा हा प्रयोग केला तेव्हा सासूबाई पाणी प्यायला उठल्या होत्या.

"काय भाजतेस गं एवढ्या रात्री?"

"वायसर, आई."

त्यांनी भांडं भरलं, पाणी प्यायल्या, भांडं पालथं घातलं. "पापडाची जाळी वेगळी आण त्याच्यासाठी," एवढंच म्हणाल्या आणि झोपायला गेल्या. आता आमच्याकडे दोन जाळ्या आहेत.

क्लचच्या डब्यातलं ४२० मिली ऑइल निराळं. हा डबा म्हणजे डाव्या बाजूचं ते मोठं लंबगोल झाकण. आत प्रायमरी चेन आणि क्लच, दोघंही तेलात. झाकण मधल्या एकाच नटावर धरलेलं असतं आणि त्याभोवती रबराची वादी. गळायला लागलं की माणूस साहजिकच नट आवळतो, आवळल्यावर झाकण वाकतं, वाकल्यावर जास्त गळतं. मी दोनदा आवळला. क्लच तेलात असल्यानं तिथे कुठलंही ऑइल चालत नाही. कारच्या नव्या ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्यं घालतात, ती क्लचच्या प्लेटींना लागली की क्लच घसरायला लागतो. इंजिन ओरडतं, गाडी जागची हलत नाही. डब्यावर जासो एमए असं लिहिलेलं असलं की निर्धास्त, ते प्रमाण १९९८पासून खास मोटारसायकलींसाठी आलं. गिअरबॉक्स तिसराच संसार. तो आल्बियन या जुन्या इंग्लिश कंपनीच्या घडणीचा, आणि त्यात काकांची स्वतःची भेळ: नव्वद नंबरचं गिअर ऑइल आणि थोडं पातळ ग्रीस. प्रमाण वहीत लिहिलेलं नाही. विचारलं तर म्हणाले, "हातानं कळतं." अजून मला कळलेलं नाही. मी नुसतं नव्वद नंबर घालते आणि ते गळतं.

ऑइल विकत घेण्यावरही एक पान लिहिता येईल. नाना पेठेत एकाच ब्रँडचा डबा एका गल्लीत दोन भावांना मिळतो, आणि त्यातला स्वस्त भाव मला झेपत नाही, झोप लागत नाही. रिकाम्या डब्याला मी स्क्रूड्रायव्हरनं दोन भोकं पाडून मगच भंगारात देते. आमचा भंगारवाला यावर नाराज आहे. अखंड डब्याला तो जास्त पैसे देतो. का, ते मी त्याला विचारत नाही.

ब्रेकचं मात्र जिवावर बेतलं होतं.

डिस्क ब्रेक काकांनी बसवलेला. हँडलवरचा मास्टर सिलिंडर, म्हणजे फ्लुइडला दाब देणारा पंप, एका गाडीचा, डिस्कला चिमटीत धरणारा कॅलिपर दुसरीचा. झाकणावर ब्रेक फ्लुइडची प्रत डॉट ३ कोरलेली, वहीत डॉट ४ लिहिलेली. दोन्ही ग्लायकॉलचेच, एकमेकांत चालतात, म्हणून मी डोकं लावलं नाही. वहीतली फ्लुइड बदलल्याची शेवटची नोंद मी गाडी घेण्याच्या तीन वर्षं आधीची होती, आणि घेतल्यानंतर मी दीड वर्षं तिकडे बघितलंच नव्हतं. ऑइल काळं होतं, गळतं, नजरेत भरतं. ब्रेकचं ते छोटं भांडं हँडलवर गुपचूप बसलेलं असतं.

महाबळेश्वरहून पोलादपूरला उतरताना आंबेनळी घाट. चाळीसेक किलोमीटर, जवळपास सगळा उतार, साडेतेराशे मीटरवरून थेट कोकणच्या तळाला. पेट्या भरलेल्या, वर तंबू. प्रतापगडचा फाटा मागे टाकला, दोन-चार वळणं झाली आणि लिव्हर मऊ लागला. पुढच्या वळणाला आणखी मऊ. त्याच्या पुढच्याला तो सरळ हँडलला टेकला. पुढच्या ब्रेकमध्ये काही म्हणजे काही नाही. डाव्या पायानं मागचा दाबत, उजव्या पायानं गिअर पाडत, पहिल्यात इंजिनच्या जोरावर एका रुंद जागेत थांबवली. डिस्कला हात लावायची गरज नव्हती, वास येत होता. अर्धा तास बसले. समोर दरीत ढग. मग लिव्हर दाबून बघितला तर घट्ट, जसं काही झालंच नाही.

ते तसंच होतं, म्हणून तर लोक फसतात. ब्रेक फ्लुइड हवेतलं पाणी ओढून घेतं, रबरी नळीच्या भिंतीतूनसुद्धा. ताजं डॉट ४ किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. त्यात ३.७ टक्के पाणी गेलं की हीच हमी १५५ अंशांवर येते. डॉट ३ असेल तर १४०. उतारावर सतत ब्रेक धरला की कॅलिपर तापतो, आतलं पाणीवालं फ्लुइड उकळतं, वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही म्हणून ब्रेक लागतो. वाफ मात्र मस्त दाबली जाते. थंड झाल्यावर वाफेचं पुन्हा पाणी, आणि लिव्हर पुन्हा साळसूद. दर दोन वर्षांनी बदला असं जे सगळे सांगतात त्याचं कारण हे. आणि ड्रमच्या जागी डिस्क बसवलेल्या गाडीत हे सांगणारं पान मॅन्युअलमध्ये नसतंच, कारण मॅन्युअलच्या लेखी तिथे ब्रेकची तार आहे.

घरी आल्यावर भांड्याचं झाकण उघडलं. आत अमृततुल्यचा चहा. म्हणजे रंगानं. नवऱ्याला खाली बोलावलं. त्याला गाड्यांमध्ये शून्य रस, पण सांगितलेलं काम तो चोख करतो. जुनं फ्लुइड काढायला फिशटँकची पारदर्शक नळी कॅलिपरच्या निपलला लावली, दुसरं टोक लोणच्याच्या बरणीत, थोड्या नव्या फ्लुइडमध्ये बुडवलेलं. "दाब. धरून ठेव. धर धर, सोडू नकोस." मी निपल पाव फेरा उघडायचा, तपकिरी धार यायची, बंद करायचा. "आता सोड." असं चाळीस-पन्नास वेळा. मध्ये त्याला फोन आला आणि त्यानं सवयीनं लिव्हर सोडला, निपल उघडा. नळीतले बुडबुडे गपकन आत. पुन्हा पहिल्यापासून. शेवटी धार पाण्यासारखी स्वच्छ आली आणि बुडबुडे थांबले. लिव्हरला बोट लावलं तर दगड. या सगळ्यात दोन थेंब पेट्रोलच्या टाकीवर पडले होते, ते आम्हाला दिसले नाहीत. लगेच पाणी मारलं असतं तर धुऊन गेले असते. सकाळी तिथला रंग फुगून सुटला होता. टाकीवर अजून श्रीलंकेच्या आकाराचा डाग आहे.

पुढच्या फोर्कचं, म्हणजे चाकाचे धक्के झेलणाऱ्या दोन नळ्यांमधलं ऑइल मी वर्षातून एकदा बदलते आणि त्या दिवशी कुणाला जेवायला बोलावत नाही. जुनं फोर्क ऑइल करड्या रंगाचं निघतं आणि त्याला सुक्या बोंबलाचा वास येतो. ही अतिशयोक्ती वाटत असेल त्यानं पावसाळ्यात फोर्कचा ड्रेन स्क्रू काढून बघावा. चौकीदार मामा येऊन विचारून गेले, आज काय बेत.

२०१८ साली मनाली–लेह केलं, अटल बोगदा व्हायच्या आधी, रोहतांगवरून. सरचूला रात्री तंबूत. सकाळी किकवर उभी राहिले तर किक खाली जाईना. माझं सगळं वजन, त्यात थंडीचे चार कपडे, तरी नाही. गाडीत ट्वेंटी डब्ल्यू फिफ्टी. यातला डब्ल्यू विंटरचा. पहिला आकडा थंडीतली वागणूक सांगतो, दुसरा १०० अंशांवरची. पुण्याच्या उन्हात या इंजिनाला हा पन्नासचा जाडपणा हवाच. सरचूच्या पहाटे मात्र ते ऑइल म्हणजे काकवी. ढाबेवाल्याकडून गरम पाण्याची किटली घेतली, टॉवेल भिजवून केसिंगला गुंडाळला, दोनदा, तीनदा. मग अ‍ॅम्पिअरचा काटा मध्यावर आणून किक मारली आणि चौथ्या किकला धक धक सुरू. कूलरपुढे बिस्किटाच्या पुड्याचा पुठ्ठा खोचला. गार करायचं काम तिथे हिमालय करत होता.

परत आल्यावर वहीत काकांचं २००६चं पान सापडलं. सरचू. किक बसेना. स्टोव्ह. एवढंच. पुढच्या नोंदीत गाडी शाबूत आहे, म्हणजे स्टोव्ह त्यांनी गाडीखाली ठेवला की चहासाठी पेटवला, हे मी आजवर विचारलेलं नाही. हिंमत होत नाही.

निघालेलं जळकं ऑइल मी आधी सेंट्रिंगवाल्याला द्यायचे. फळ्यांना लावायला त्याला हवंच असतं. चौकीदार मामांनी एकदा पाच लिटर गावी नेलं, दाराच्या चौकटीला वाळवी लागली होती. मातीत नि पाण्यात ते काय करतं हे वाचल्यापासून डबे साठवते आणि जमा करून घेणाऱ्या वर्कशॉपला नेऊन देते. मामा अजून अधूनमधून विचारतात.

वही आता माझ्या अक्षरात पुढे चाललीय. शेवटचा रकाना, थेंब, सोपा होता. बुलेटवाल्यांत एक जुना विनोद आहे: ऑइल गळायचं थांबलं तर समजा, संपलं. काका रात्री गाडीखाली कागद ठेवायचे आणि सकाळी थेंब मोजायचे. थेंब वाढले की कुठली तरी वादी सुटतेय. कमी झाले की पट्टी बघायची. मीही सकाळचा पेपर ठेवते. सोसायटीच्या फरशीसाठी तो तसाही ठेवावाच लागतो, त्यावर दोन मीटिंगा झाल्यात. माझ्या नोंदी सात वर्षांच्या आहेत. चार, पाच, चार, सहा, पाच.

डिसेंबरात काका मोतीबिंदूच्या ऑपरेशनला पुण्यात आले होते. ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी लेकाला घेऊन आमच्याकडे आले, डोळ्यावर हिरवा चष्मा. वर यायला नको म्हणाले. पार्किंगमध्ये प्लास्टिकची खुर्ची टाकली, चहा खाली आणला. गाडीकडे त्यांनी हात लांबवून फक्त कूलरची नळी चाचपली. मग म्हणाले, "वही वाच."

मी वाचत गेले. मध्येच "हां" म्हणायचे. आंबेनळीच्या पानाला काही बोलले नाहीत. थेंबांशी आल्यावर त्यांनी हात वर केला.

"कागद कुठला ठेवतीस?"

"पेपर. रोजचा."

"वर्तमानपत्र?" त्यांनी कप खाली ठेवला. "अगं, ते तेल पिऊन टाकतंय. दोन थेंब शेजारी पडलं की एकच दिसतंय. कॅलेंडरचं पान घे, गुळगुळीत. उलटं."

त्या रात्री नोव्हेंबर फाडला, पालथा करून गाडीखाली सरकवला. सकाळी दूध आणायला खाली गेले तेव्हा उकिडवं बसून मोजले. पुन्हा मोजले.

नऊ.